निफाडच्या थंडीत इलेक्ट्रॉन नेमका कुठे अडतो? प्रथिनाची लवचीकता आणि द्राक्षाचं पान

नाशिकमध्ये एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे: प्रकाशसंश्लेषणात इलेक्ट्रॉन टनेलिंगने (ऊर्जेचा अडथळा न चढता थेट आरपार) पुढे जातो आणि टनेलिंग तापमानावर फारसं अवलंबून नसतं, असं पुस्तकात आहे. मग डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरला की द्राक्षाच्या पानातलं इलेक्ट्रॉन वहन मंदावतं ते का? थंडीने प्रथिन ताठर होतं म्हणून का? आणि हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत दाखवता येईल का?

आधी सरळ उत्तर देतो. निफाडच्या थंडीत प्रकाशप्रणाली-२ चं, म्हणजे प्रकाश वापरून पाण्यातून इलेक्ट्रॉन काढणाऱ्या संकुलाचं, प्रथिन गोठत नाही, त्याच्या जवळपासही जात नाही. त्याची हालचाल मंदावते, पण पानातली मुख्य कोंडी तिथे नसते. ती पुढे असते: सायटोक्रोम बी६एफ या साखळीतल्या पुढच्या प्रथिनसंकुलापाशी आणि त्याच्याही पुढे, कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या विकरांपाशी. प्रथिनाची लवचीकता हा खरा आणि फार सुंदर विषय आहे, पण तिचा परिणाम वेगळा काढायचा असेल तर आपण कोणता टप्पा मोजतोय हे आधी ठरवावं लागतं. या विषयातल्या बहुतेक प्रबंधांची गाडी इथेच घसरते. ‘एफव्ही/एफएम (प्रतिदीप्तीवरून काढलेली प्रकाशप्रणाली-२ ची कार्यक्षमता) घटला, म्हणजे प्रथिन ताठर झालं’ हे विधान जसंच्या तसं कुठेही टिकणार नाही.

सुरुवात वेळांपासून करू. प्रकाशप्रणाली-२ मध्ये पी६८० हे क्लोरोफिल उत्तेजित झाल्यावर फिओफायटिन या पहिल्या ग्राहीपर्यंत इलेक्ट्रॉन काही पिकोसेकंदांत पोचतो. तिथून क्यूए या घट्ट बांधलेल्या प्लास्टोक्विनोनवर जायला काहीशे पिकोसेकंद लागतात. क्यूएपासून क्यूबीवर, म्हणजे खाचेत सैल बसणाऱ्या दुसऱ्या प्लास्टोक्विनोनवर, पहिला इलेक्ट्रॉन जायला साधारण २०० ते ४०० मायक्रोसेकंद आणि दुसरा जायला ६०० ते ८०० मायक्रोसेकंद. दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन घेतलेला प्लास्टोक्विनॉल आपली खाच सोडून पटलात तरंगत जातो, आणि बी६एफवर त्याचं ऑक्सिडीकरण व्हायला सामान्य तापमानाला ५ ते १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे पहिल्या पावलापेक्षा शेवटचं पाऊल सुमारे अब्जपट हळू आहे. या रांगेतल्या प्रत्येक टप्प्याचं तापमानाशी नातं निराळं आहे.

पहिले टप्पे एवढे जलद असतात की मोठी प्रथिनहालचाल व्हायला तेवढा वेळच नसतो. जांभळ्या जीवाणूंच्या अभिक्रिया केंद्रात तर पहिला टप्पा थंड केल्यावर मंदावण्याऐवजी उलट जलद होतो: सामान्य तापमानाला सुमारे ३ पिकोसेकंद लागतात, अतिशीत तापमानाला त्याच्या निम्म्याहूनही कमी. या केंद्राची अणुरचना डायसेनहोफर, हूबर आणि मिशेल यांनी उलगडली आणि त्यासाठी त्यांना १९८८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणून मूलभूत मोजमापं बहुतेक याच जीवाणूंवर झालेली आहेत. वनस्पतीच्या प्रकाशप्रणाली-२ चा ग्राही भाग त्याच घडणीचा आहे, पण आकडे जसेच्या तसे उचलू नका.

टनेलिंगचा पुरावा १९६६ चा आहे. डिव्हॉल्ट आणि चान्स यांनी क्रोमॅशियम जीवाणूत सायटोक्रोमचं ऑक्सिडीकरण मोजलं. सामान्य तापमानाला त्याचा अर्धकाळ सुमारे २ मायक्रोसेकंद होता. थंड करत गेल्यावर तो वाढत गेला, आणि सुमारे १०० केल्विनच्या खाली २ मिलिसेकंदांच्या आसपास येऊन थांबला. आणखी थंड केलं तरी बदल नाही. तापमानावर अवलंबून नसलेला तो सपाट भाग म्हणजे टनेलिंग. पण त्याच आलेखाचा वरचा भागही वाचा: १०० केल्विन ते खोलीचं तापमान या टप्प्यात वेग हजारपट बदलतो. ‘टनेलिंग आहे म्हणून तापमानाचा संबंध नाही’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे.

वेग ठरवणाऱ्या गोष्टी तीन. पहिली, दोन सहघटकांच्या (इलेक्ट्रॉन देणाऱ्या-घेणाऱ्या रेणूंच्या) कडांमधलं अंतर: ते साधारण १.७ अँगस्ट्रॉमने वाढलं की वेग दहापट घटतो, आणि उपयोगी टनेलिंग सुमारे १४ अँगस्ट्रॉमपर्यंतच दिसतं. दुसरी, ऊर्जेचा उतार. तिसरी पुनर्रचना ऊर्जा: इलेक्ट्रॉनची जागा बदलल्यावर भोवतालच्या प्रथिनाला आणि पाण्याला स्वतःला जुळवून घ्यायला लागणारी किंमत. रुडॉल्फ मार्कस यांना १९९२ चं नोबेल ज्या सिद्धांतासाठी मिळालं, तो याच दोन ऊर्जांचं गणित मांडतो. उतार आणि पुनर्रचना ऊर्जा समसमान असल्या की अडथळा शून्य होतो, आणि तो टप्पा तापमानाकडे पाहत नाही. प्रथिनाची लवचीकता या सिद्धांतात दोन दारांनी येते. पुनर्रचना ऊर्जेतून, म्हणजे प्रथिनाच्या सारख्या सुरू असलेल्या छोट्या थरथरण्यातून, हे एक. आणि काही टप्प्यांत प्रथिनाने एखादी ठरावीक घडण घेतल्याशिवाय इलेक्ट्रॉन निघतच नाही, हे दुसरं. या दुसऱ्याला घडणनियंत्रित टप्पा म्हणू.

क्यूए ते क्यूबी हे त्याचं अभिजात उदाहरण. ग्रेज, फेहेर आणि ओकामुरा यांनी १९९८ मध्ये जीवाणूच्या केंद्रातला मूळ क्यूए काढून तिथे वेगवेगळे क्विनोन बसवले. त्यामुळे ऊर्जेचा उतार बदलला. टप्पा साधा टनेलिंगचा असता तर वेगही बदलायला हवा होता. पहिल्या इलेक्ट्रॉनच्या वहनाचा वेग बदलला नाही. याचा अर्थ वेळ इलेक्ट्रॉनच्या उडीत जात नाही, उडीआधीच्या तयारीत जातो. त्याआधी १९८४ मध्ये क्लाइनफेल्ड, ओकामुरा आणि फेहेर यांनी दाखवलं होतं की अंधारात गोठवलेलं केंद्र आणि प्रकाशात, म्हणजे प्रभारविभक्त अवस्थेत, गोठवलेलं केंद्र वेगळं वागतं. रेणू तेच, तापमान तेच. फरक फक्त गोठताना प्रथिन कोणत्या घडणीत होतं याचा.

ही घडण म्हणजे नक्की काय हलतं, यावर मतं बदललेली आहेत, आणि जुनं पाठ्यपुस्तक वाचणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. १९९७ च्या अंधार-प्रकाश स्फटिकरचनांमध्ये क्यूबी सुमारे ४.५ अँगस्ट्रॉम सरकलेला आणि उलटलेला दिसला, त्यामुळे ‘क्यूबी सरकतो तेच दार’ असं चित्र रूढ झालं. पुढच्या अवरक्त मोजमापांत मात्र क्यूबी आधीपासूनच जवळच्या जागी असल्याचे पुरावे मिळाले. दार कशाने उघडतं याचा शोध त्यामुळे भोवतालची अमिनो आम्लं, प्रोटॉनांच्या वाटा आणि पाणी यांच्याकडे वळला.

वनस्पतीच्या प्रकाशप्रणाली-२ मध्ये हा टप्पा गोठण्याचा पल्ला साधारण २५० ते २०० केल्विन आहे, म्हणजे उणे २३ ते उणे ७३ अंश सेल्सिअस. न्यूट्रॉन विकिरणाने मोजलेली प्रथिनाची मोठी हालचाल २४० केल्विनच्या आसपास सुरू होते, आणि नमुना कोरडा केला तर हालचाल व वहन दोन्ही मंदावतात. पाणी फोडणाऱ्या मॅंगनीजच्या गुच्छाकडेही असंच दिसतं: त्याच्या चक्रातलं एस१ ते एस२ हे संक्रमण २०० केल्विनलाही होतं, तर पुढची, ज्यांत प्रोटॉन आणि पाणी हलावं लागतं ती, सुमारे २२० ते २३५ केल्विनच्या खाली अडतात. ताठरपणा आणि तापमान वेगळे काढणारा प्रयोग ट्रेहॅलोज साखरेचा आहे. जीवाणूचं केंद्र ट्रेहॅलोजच्या काचेत पुरेसं कोरडं केलं की खोलीच्या तापमानालाच क्यूएवरून मागे परतणाऱ्या इलेक्ट्रॉनचा वेग सुमारे तिपटीने वाढतो आणि वेगांचा पसारा रुंदावतो, अगदी अतिशीत नमुन्यासारखा. पाणी परत दिलं की सगळं पूर्ववत. प्रथिन ताठर झाल्याचा पुरावा असा दिसतो, तापमान न बदलता.

आता हे आकडे निफाडच्या शेजारी ठेवा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा ४-५ अंशांपर्यंत उतरतो, तो २७७-२७८ केल्विन झाला. उघड्या आकाशाखाली रात्री पान हवेपेक्षा एक-दोन अंशांनी, कधी त्याहून जास्त थंड होतं. तरीही आपण त्या पल्ल्याच्या वरच आहोत. समजा, उदाहरणापुरतं, एखाद्या टप्प्याची सक्रियण ऊर्जा ५० किलोजूल प्रति मोल आहे. २५ वरून ५ अंशांवर आलो तर आऱ्हेनियसच्या सूत्राने वेग सुमारे ४.३ पट घटतो. ३०० मायक्रोसेकंदांचा क्यूए-क्यूबी टप्पा १.३ मिलिसेकंदांचा होईल. त्याच हिशेबाने बी६एफचा ५ ते १० मिलिसेकंदांचा टप्पा २० ते ४० वर जाईल. दोन्ही मंदावले, पण रांग कुठे लागणार हे सांगायला नको.

बी६एफमध्येही लवचीकता आहे, आणि ती मोठ्या मापाची आहे. त्यातल्या रिस्के प्रथिनाचं लोह-गंधक असलेलं डोकं एका बिजागरीवर फिरतं. सजातीय बीसी१ संकुलाच्या १९९८ च्या रचनांमध्ये ते दोन वेगळ्या जागी दिसलं. एका जागी ते क्विनॉलकडून इलेक्ट्रॉन घेतं, दुसऱ्या जागी सायटोक्रोमला देतं, कारण दोन्ही टोकांमधलं अंतर एका टनेलिंगच्या उडीत संपणारं नाही. पटल मात्र प्रथिन नव्हे. प्लास्टोक्विनॉल ज्या स्निग्धपटलातून सरकतो ते थंडीत घट्ट होतं आणि तेही वहनाला लगाम घालतं. ‘लवचीकता’ शब्दाखाली पटलाची तरलता, बिजागरी आणि क्यूबीची खाच एकत्र बांधू नका.

थंडीत नुकसान खरं होतं ते सूर्य वर आल्यावर. कॅल्व्हिन चक्र मंद, प्लास्टोक्विनोनचा साठा इलेक्ट्रॉनांनी भरलेला, क्यूए रिकामा होत नाही, आणि प्रकाश मात्र भरपूर. अशात प्रकाशप्रणाली-२ च्या गाभ्यातलं डी१ प्रथिन मोडतं आणि थंडीत त्याची दुरुस्तीही रेंगाळते. पहाटे ठिबक चालवणं, बागेत शेकोट्या पेटवणं हे उपाय पानाचं आणि घडाचं तापमान एक-दोन अंश टिकवण्यासाठी आहेत. प्रथिनाच्या घडणीशी त्यांचा थेट संबंध जोडू नये.

आता मोजमाप. तात्पुरती मंदी आणि खरी इजा वेगळी करण्यासाठी सर्वांत स्वस्त आणि पक्की कसोटी अशी आहे. घडासमोरचं पूर्ण वाढलेलं पान घ्या, शेंड्याकडचं कोवळं नको. पहाटे, सूर्य उगवण्याआधी, शिरा टाळून क्लिप लावा. दव टिपकागदाने अलगद टिपा, कारण पाण्याचा थर आणि संवेदकाच्या काचेवरचं धुकं दोन्ही मोजमाप बिघडवतात. बोर्डो किंवा गंधकाची फवारणी झालेली असेल तर डाग नसलेली जागा निवडा. अंधारात २५ ते ३० मिनिटं ठेवा. पानाच्या खालच्या बाजूला बारीक थर्मोकपल टेकवून तापमान लिहा. हवेचं नव्हे, पानाचं. मग सुमारे ३,००० मायक्रोमोल फोटॉन प्रति चौरस मीटर प्रति सेकंद इतक्या लाल प्रकाशात ओ-जे-आय-पी वक्र, म्हणजे प्रकाश पडताच प्रतिदीप्ती कशी चढते त्याची नोंद, घ्या. थंड पानात शिखर उशिरा येतं, म्हणून एका सेकंदाऐवजी दोन सेकंद नोंद ठेवा, नाहीतर एफएम (शिखराची प्रतिदीप्ती) कमी येईल आणि तुम्ही नसलेली इजा मोजाल.

त्याच पानाची चकती ओल्या टिपकागदावर, बंद डबीत, अंधारात २५ अंशांवर अर्धा तास ठेवा आणि पुन्हा मोजा. २ मिलिसेकंदांवरची सापेक्ष पातळी, म्हणजे (एफ २ मिसे − एफओ) ÷ (एफएम − एफओ), जिथे एफओ ही सुरुवातीची पातळी, थंडीत वाढलेली आणि ऊब मिळताच खाली आलेली असेल, तर क्यूएपुढचं वहन फक्त मंदावलं होतं. एफव्ही/एफएम उबेतही ०.८ च्या बराच खाली राहिला, तर इजा झालेली आहे किंवा दीर्घकालीन ऊर्जाविसर्ग चालू आहे. निरोगी पानात हा आकडा ०.८३ च्या आसपास असतो. ३०० मायक्रोसेकंदांवर जादा उंचवटा दिसला तर ती बहुधा पाणीभंजक गुच्छाची इजा. ती उष्णतेत ठळक दिसते, म्हणून एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या पानांवर तिच्याकडे जास्त लक्ष द्या.

हिल अभिक्रिया, म्हणजे पानातून वेगळ्या काढलेल्या हिरव्या पटलांनी प्रकाशात रंग फिका करण्याचा प्रयोग, करायची असेल तर द्राक्षाचं पान घेऊ नका. त्यातले पॉलिफिनॉल वाटताक्षणी तपकिरी होतात आणि प्रथिनांना चिकटतात. पालक घ्या, सकाळी काढलेला, संध्याकाळच्या बाजारातला मलूल नको. आपल्याकडे पालक म्हणून विकली जाणारी भाजी पुष्कळदा बीटच्या जातीची असते, पुस्तकातला स्पिनॅच नव्हे. प्रयोग दोन्हींवर होतो, पण छापील आकड्यांशी तुलना करताना कोणती आहे ते नोंदवा.

देठ-शिरा काढलेली ५० ग्रॅम पानं आणि १५० मिलिलिटर बर्फगार द्रावण: सुक्रोज ०.४ मोलर, ट्रायसिन ५० मिलिमोलर, सोडियम क्लोराइड १० आणि मॅग्नेशियम क्लोराइड ५ मिलिमोलर, पीएच ७.८. मिक्सर दोन-तीन वेळा, प्रत्येकी पाच सेकंद. जास्त फिरवलं की द्रावण तापतं. मलमलीच्या चार घड्यांतून गाळा, ३०० जीवर एक मिनिट फिरवून गाळ टाका, वरचं द्रावण २,००० जीवर दहा मिनिटं फिरवा. तळाचा हिरवा थर थोड्या द्रावणात रंगाच्या मऊ कुंचल्याने उकला आणि बर्फात, अंधारात ठेवा. ८० टक्के ॲसिटोनमध्ये क्लोरोफिल मोजा: मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर = २०.२ × ए६४५ + ८.०२ × ए६६३ (ए म्हणजे तितक्या नॅनोमीटरवरचं शोषण).

३ मिलिलिटरच्या क्युव्हेटमध्ये क्लोरोफिल १५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, डीसीपीआयपी (इलेक्ट्रॉन मिळाला की फिका पडणारा निळा रंग) ४५ मायक्रोमोलर, अमोनियम क्लोराइड ५ मिलिमोलर. हे शेवटचं प्रोटॉनचा दाब सोडण्यासाठी आहे. ते विसरलं तर बी६एफ दाबाने मंदावतं आणि ती मंदी तुम्ही तापमानाच्या खात्यात टाकाल. ६०० नॅनोमीटरवर मिनिटाला ०.६ घट आली तर, शोषणांक २१ प्रति मिलिमोलर प्रति सेंटिमीटर धरून, ती २८.६ मायक्रोमोलर प्रति मिनिट होते, म्हणजे सुमारे ११४ मायक्रोमोल प्रति मिलिग्रॅम क्लोरोफिल प्रति तास. या वेगाने रंग दीड मिनिटात संपतो, म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटाचाच उतार घ्या. रंगाचा पीकेए ६ च्या जवळ आहे, त्यामुळे पीएच ७ च्या खाली घसरला की शोषणांकही बदलतो. वाटताना ॲस्कॉर्बेट घातलं असेल तर एकदा धुवा, नाहीतर डीसीपीआयपी अंधारातही फिका पडेल.

प्रत्येक तापमानाला तीन जोड्या हव्यात: अंधार, १० मायक्रोमोलर डीसीएमयू, आणि ०.५ मिलिमोलर डायफिनाइलकार्बाझाइड. डीसीएमयू क्यूबीची खाच अडवतं. मक्यावर मारलं जाणारं ॲट्राझिनही तेच करतं, आणि डी१ प्रथिनातल्या २६४ व्या जागी सेरीनऐवजी ग्लायसीन आलं की ते तिथे बसत नाही. डायफिनाइलकार्बाझाइड पाण्याऐवजी इलेक्ट्रॉन देतं. ते घातल्यावर वेग परत आला तर दोष मॅंगनीजच्या गुच्छात होता.

यात एक मर्यादा आहे आणि प्रबंधात ती स्पष्ट लिहावी. डीसीपीआयपीचा स्थिर वेग क्यूए-क्यूबी टप्पा मोजत नाही, संपूर्ण साखळीतला सर्वांत हळू टप्पा मोजतो. त्यामुळे ४० टक्के ग्लिसरॉल घालून वेग घटला म्हणजे प्रथिन ताठर झालं असं म्हणता येणार नाही. ग्लिसरॉलने रंगाचं विसरण घटतं, प्लास्टोसायनिन या बी६एफपुढच्या वाहकाचं घटतं, थायलाकॉइड आकसतं. क्यूए-क्यूबीसाठी एकाच उलाढालीपुरती, मायक्रोसेकंदांची लखलख आणि तिच्यानंतर कमकुवत प्रकाशाने मोजलेली प्रतिदीप्तीची उतरण लागते. तिचा जलद, शेकडो मायक्रोसेकंदांचा भाग म्हणजे क्यूबी जागेवर असलेली केंद्रं. काही मिलिसेकंदांचा भाग म्हणजे खाच रिकामी असलेली, प्लास्टोक्विनोन येण्याची वाट पाहणारी. डीसीएमयूसोबत उरणारा सुमारे सेकंदभराचा भाग म्हणजे इलेक्ट्रॉन मागे परतणारी केंद्रं. तापमानागणिक पहिल्या भागाचा कालावधी किती बदलला आणि त्याचा वाटा किती बदलला, हे दोन वेगळे स्तंभ ठेवा. कालावधी लांबला तर दार हळू उघडतंय. वाटा घटला तर खाच रिकामी आहे किंवा केंद्र मोडलंय.

पानाच्या चकतीत डीसीएमयू भिनवताना चकती खालची बाजू द्रावणाला लावून तरंगवा. द्राक्षाची पर्णरंध्रं खालच्या बाजूला असतात, वरची मेणचट बाजू औषध आत घेत नाही. ५० ते १०० मायक्रोमोलर, इथेनॉल एक टक्क्याच्या आत, अंधारात किमान एक तास. फक्त इथेनॉलची चकती सोबत ठेवा. भिनलंय की नाही हे ओ-जे-आय-पी वक्रच सांगतो: २ मिलिसेकंदांची पातळी जवळजवळ शिखराला टेकली तरच पुढचं मोजा.